मोठी मोटार दारात आणण्याआधी

घराचे हप्ते फिटतात, मुलांची शिक्षणे मार्गी लागतात, दवाखाना किंवा कारखाना बाळसे धरतो आणि मग एखाद्या रविवारी जेवणाच्या टेबलावर विषय निघतो, ‘आता एक चांगली मोठी गाडी घेऊ या.’ चांगली म्हणजे कशी, हे मात्र प्रत्येकाच्या मनात वेगळे असते. यजमानांना इंजिनाची ताकद हवी असते, मुलाला बॉनेटवरचे चिन्ह, गृहिणीला मागच्या सीटवर सासूबाईंना आरामात बसता यावे एवढीच अपेक्षा असते. आजींना विचारायचे तर बहुधा राहूनच जाते.

इंग्रजीत ‘एक्झिक्युटिव्ह सलून’ म्हणतात ती ही गाडी. आपल्याकडे सलून म्हटले की केस कापण्याचे दुकान आठवते, फार तर रेल्वेच्या बड्या साहेबांचा खास डबा. म्हणून सरळ सेडान म्हणावे. पुढे लांब बॉनेट, मध्ये बैठक, मागे वेगळी डिक्की, आणि किंमत आज साधारण पन्नास लाखांच्या घरात. एवढ्या रकमेत लहान गावात टुमदार घर उभे राहते. म्हणूनच ही खरेदी शोरूमच्या झगमगाटात नव्हे, घरी कागद-पेन्सिल घेऊन व्हायला हवी.

काँटेसा ते कॅमरी

एके काळी या थाटाची हौस काँटेसावर भागत असे. १९८४ ते २००२ या काळात बनलेली ही गाडी लग्नाच्या वरातीपासून मंत्र्यांच्या ताफ्यापर्यंत सर्वत्र दिसे. १९९५ मध्ये पुण्यात मर्सिडीजची जुळणी सुरू झाली आणि परदेशी गाडी इथल्या मातीत तयार होऊ लागली. पुढे होंडा अकॉर्ड, टोयोटा कॅमरी आणि औरंगाबादजवळच्या शेंद्रा वसाहतीतून निघणारी स्कोडा आली. त्या औरंगाबादकरांची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरकरांची, एक गोष्ट अजूनही सांगितली जाते. ऑक्टोबर २०१० मध्ये तिथल्या उद्योजक, डॉक्टर आणि व्यावसायिकांनी एकत्र येऊन एकदम १५० मर्सिडीज घेतल्या. व्यवहार सुमारे ६५ कोटींचा होता. एकट्याने गेले तर शोरूमवाला चहा पाजतो, दीडशे जण गेले तर कंपनीही सवलत देते आणि बँकही, हा हिशेब त्यांना बरोबर कळला होता.

गेल्या काही वर्षांत मात्र उंच एसयूव्हीची लाट आली आणि सेडानचे दिवस फिरले. कोरोला आणि सिव्हिक २०२० मध्ये बंद झाल्या, होंडाने अकॉर्डही आवरती घेतली. स्कोडा सुपर्बची इथली जुळणी २०२३ मध्ये थांबली. २०२४ मध्ये ती परत आली, पण आयात होऊन, अवघ्या शंभर गाड्यांपुरती आणि ५४ लाखांना. डिसेंबर २०२४ मध्ये नवी कॅमरी बंगळूरूजवळच्या बिडदीहून ४८ लाखांना बाजारात आली. याच्या वरच्या पायरीवर जर्मन मंडळी आहेत. मर्सिडीज चाकणला, ऑडी शेंद्र्याला आणि बीएमडब्ल्यू चेन्नईला जुळवली जाते. पर्याय कमी झाले हे खरे, पण गोंधळ कमी झालेला नाही.

पेट्रोलच का?

पूर्वी मोठी गाडी म्हणजे डिझेल, हे समीकरण पक्के होते. आता ते मोडले आहे. २०२० मध्ये बीएस-६ नियम आले, त्यांनी डिझेल इंजिनाला काजळी गाळणारी महागडी चाळण लावायला भाग पाडले. रोज चार-पाच किलोमीटर जाऊन परतणाऱ्या गाडीत ही चाळण नीट तापत नाही, तुंबते आणि गॅरेजची वाट धरायला लावते. शिवाय दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदीचा जो बडगा उगारला गेला, त्याने देशभरच्या डिझेल गाड्यांच्या पुनर्विक्रीबद्दल धास्ती निर्माण केली. वर्षाला पंचवीस-तीस हजार किलोमीटर फिरणारा सोडला, तर बाकीच्यांनी पेट्रोलच घ्यावे. विजेच्या गाडीवर जीएसटी फक्त ५ टक्के आहे, तिचा विचार जरूर करावा, पण तो स्वतंत्र लेखाचा विषय.

पेट्रोलमध्येही दोन घराणी आहेत. एक टर्बोचे. लहान इंजिनात हवा दाबून भरायची आणि मोठ्या इंजिनाची ताकद काढायची. जर्मन गाड्यांत बहुतेक हेच. पाय दाबला की गाडी झेपावते आणि चालवणाऱ्याच्या चेहऱ्यावर हसू येते. दुसरे घराणे हायब्रिडचे, कॅमरीसारखे. यात पेट्रोल इंजिनाबरोबर विजेची मोटर आणि बॅटरी असते. ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत साठते, सिग्नलला इंजिन बंद पडते आणि गर्दीत गाडी बराच वेळ विजेवर सरकते. तिला बाहेरून चार्ज करावे लागत नाही. दादर ते अंधेरी रोज करणाऱ्याला हायब्रिड आणि पुणे-कोल्हापूर-बेळगाव रस्त्यावर स्वतः गाडी हाकण्याची हौस असणाऱ्याला टर्बो, अशी ढोबळ विभागणी करायला हरकत नाही.

इंधनाबाबत आणखी एक गोष्ट. आज पंपावर मिळणाऱ्या साध्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्या त्यासाठी तयार केलेल्या आहेत. त्याआधीची गाडी घेत असाल तर पुस्तिका उघडून इथेनॉलची मर्यादा पाहावी. किती ऑक्टेनचे पेट्रोल लागते, हे पुष्कळ गाड्यांत टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला छापलेले असते. तेवढे वाचायला अर्धे मिनिट लागते, पण वर्षानुवर्षे गाडी बाळगणाऱ्यांनीही ते वाचलेले नसते.

किंमत आणि खरी किंमत

२२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवर सरसकट ४० टक्के जीएसटी लागतो आणि वेगळा उपकर गेला. पूर्वी मोठ्या पेट्रोल सेडानवर दोन्ही मिळून ४८ टक्के होत. म्हणजे कर उतरला, तरी शोरूमच्या किमतीचा मोठा भाग सरकारचाच आहे.

समजा, गाडीची शोरूम किंमत ५० लाख आहे. महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला वैयक्तिक नावावर १३ टक्के रस्ताकर लागतो, म्हणजे साडेसहा लाख. हीच गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर २० टक्के, म्हणजे दहा लाख. साडेतीन लाखांचा हा फरक अनेकांच्या लक्षात येतो तो पासिंगच्या वेळी. ‘कंपनीच्या नावावर घ्या, जीएसटीचा परतावा मिळेल’ असा सल्ला देणारे मित्रही बरेच भेटतात. प्रवासी मोटारीवर सर्वसाधारण व्यवसायाला तसा परतावा मिळत नाही. घसाऱ्याची वजावट मिळू शकते, पण त्यासाठी चार्टर्ड अकाउंटंटशी आधी बोलावे, गाडी आल्यावर नव्हे. दहा लाखांवरच्या गाडीला विक्रेता एक टक्का कर वसूल करतो. तो आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो. पावती जपून ठेवावी.

आता कर्ज. चाळीस लाख ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे ८३ हजार येतो आणि व्याज जवळपास पावणेदहा लाख. तेच सात वर्षांचे केले तर हप्ता सुमारे ६४ हजारांवर उतरतो आणि शोरूममधला तरुण विक्रेता हसून म्हणतो, ‘बघा, किती हलका झाला!’ व्याज मात्र चौदा लाखांवर जाते. सव्वाचार लाख रुपये केवळ हप्ता हलका दिसण्यासाठी!

पेट्रोलच्या खर्चाची चिंता सगळेच करतात. तिचाही हिशेब मांडून पाहावा. वर्षाला १२ हजार किलोमीटर फिरणे, लिटरला शंभर रुपये, टर्बो गाडी गर्दीत दहाची सरासरी देते असे धरले तर वर्षाचे एक लाख वीस हजार होतात. हायब्रिडने सतराची सरासरी दिली तर सत्तर हजार. फरक पन्नास हजारांचा. आणि घट? विम्याच्या तक्त्यानुसार पाच वर्षांच्या आसपास गाडीचे मूल्य निम्मे धरले जाते. बाजारात थोडे कमी-जास्त होईल, पण ५० लाखांची गाडी २५ लाखांवर आली म्हणजे दरमहा चाळीस हजारांहून अधिक रक्कम विरून गेली. गाडी अंगणात झाकून ठेवली तरी हा खर्च चालूच असतो. दारात उभ्या गाडीचे टर्बो-हायब्रिडवरून जे वाद घराघरांत होतात, त्यांत या चाळीस हजारांचा उल्लेख कुणी करत नाही.

ज्याला मासिक उत्पन्नातून हा हप्ता, हा विमा आणि ही घट सोसून घरखर्चाला धक्का लागणार नाही, त्याने नवी गाडी खुशाल घ्यावी. बाकीच्यांसाठी तीन-चार वर्षे वापरलेली, नीट सांभाळलेली गाडी हा खरे तर अधिक शहाणपणाचा मार्ग आहे. पहिल्या मालकाने घटीचा मोठा घास गिळलेला असतो.

आजींना घेऊन शोरूमला जा

चाचणी फेरीला यजमान एकटे जातात, पाच मिनिटे हमरस्त्यावर गाडी पळवतात आणि खूश होऊन परततात. त्याऐवजी घरातल्या सर्वांना न्यावे. सेडानची बैठक खाली असते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला आत बसणे सोपे, पण उठणे अवघड. आजींना तीन वेळा बसवून उठवून पाहावे, तेही त्यांच्या नेहमीच्या नऊवारीत किंवा सहावारीत. तिसऱ्या वेळी त्यांचा चेहरा कसा होतो, त्यावरून निर्णय करावा. मागच्या सीटच्या मधोमध कोणी तरी बसून पाहावे. ज्या गाड्यांत इंजिनाची ताकद मागच्या चाकांना जाते, त्यांत पायाखाली मधे चांगला उंच वरवंटा असतो आणि पाचवा माणूस पाय कुठे ठेवू म्हणून अवघडतो. बीएमडब्ल्यू आणि मर्सिडीजमध्ये हे लक्षात येते. सुपर्ब आणि कॅमरीसारख्या पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या गाड्या या बाबतीत सुखाच्या. गाडी घरातली बाई चालवणार असेल तर सीट, आरसे आणि स्टिअरिंग तिच्या उंचीला जुळते का, हेही तिनेच बसून ठरवावे.

दुसरी चाचणी आपल्याच सोसायटीत. या गाड्या पावणेपाच मीटरपासून पाच मीटरला थोड्या कमी अशा लांबीच्या असतात. साध्या डिझायरपेक्षा पाऊण ते एक मीटर जास्त. तळघरातल्या उताराचे वळण, यांत्रिक पार्किंगच्या पाळण्याची लांबी आणि वजनाची मर्यादा मोजून घ्यावी. चाचणीची गाडी घरापर्यंत मागवावी, चार माणसे बसवून गल्लीतला सर्वात उंच गतिरोधक ओलांडून पाहावा. पोटाला खर्र असा आवाज आला तर तो आवाज पुढची दहा वर्षे रोज ऐकावा लागेल.

मागे बसणाऱ्यांनी पट्टा लावायचा, ही सवयही पहिल्याच दिवशी लावावी. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री यांच्या मोटारीला अपघात झाला. मागे बसलेले दोघे दगावले, त्यांनी पट्टे लावलेले नव्हते असे समोर आले. पुढचे दोघे वाचले. गाडी नामांकित होती, हवेच्या पिशव्याही होत्या. पण पट्ट्याशिवाय शरीर सीटवर थांबतच नाही, मग पिशवी तरी काय करणार? मोठ्या गाडीत मागे ऐसपैस बसायचे म्हणून पट्टा नको, असे सांगणाऱ्या पाहुण्यांची भीड ठेवू नये.

गिअरबॉक्स आणि घाट

या वर्गातल्या जवळपास सर्वच गाड्या आता ऑटोमॅटिक आहेत. पण ऑटोमॅटिक म्हणजे एकच यंत्र नव्हे. दोन क्लचचा गिअरबॉक्स झटपट असतो, मात्र त्यातला कोरडा क्लच घाटातल्या कोंडीत तापतो. बोरघाटात रांग लागली आणि चालकाने ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर हलका पाय ठेवून गाडी चढावर तोलली, की क्लच अर्धवट घासत राहतो. असे दोन-चार वेळा झाले की इशाऱ्याचा दिवा लागतो. तेलात बुडालेला क्लच हे जास्त सोसतो. टॉर्क कन्व्हर्टर त्याहून सहनशील, आणि हायब्रिडमध्ये हा प्रश्न जवळजवळ येतच नाही. विक्रेत्याला सरळ विचारावे, ‘क्लच कोरडा की ओला?’ त्याला उत्तर येत नसेल तर सर्व्हिस विभागातल्या मेकॅनिकला गाठावे. त्याला येतेच. गाडी ड्रायव्हरच्या हाती देणार असाल तर चढावर ब्रेक धरायचा, एवढे त्याला पहिल्याच दिवशी गाडीजवळ उभे राहून दाखवावे. बिचाऱ्याला कुणी सांगत नाही आणि बिल आल्यावर बोलणी तोच खातो.

सांभाळताना

नियमित सर्व्हिसिंगचे पैसे सहसा जड जात नाहीत. जड जातात ते अनपेक्षित खर्च. चार टायर बदलायचे म्हटले की अर्धा लाख सहज ओलांडतो. आपोआप वळणाऱ्या एलईडी दिव्यांचा एक जोड फुटला तर आकडा ऐकून घाम फुटतो. म्हणून वाढीव वॉरंटी मुदतीत घ्यावी आणि विमा शून्य घसाऱ्याचा. हायब्रिडच्या बॅटरीची भीती मात्र अनाठायी आहे. टोयोटा तिला आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी देते.

काही गाड्यांत स्टेपनीच नसते. पंक्चर झाले तरी ताशी ८० च्या वेगाने सुमारे ८० किलोमीटर जाऊ शकणारे टायर असतात. मुंबईत हे ठीक. पण ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर रात्री टायर गेला आणि त्या मापाचा टायर जवळच्या तालुक्याला मिळाला नाही, तर कुटुंब अडकून पडते. नागपूर, अमरावती, नांदेडकडच्या खरेदीदारांनी स्टेपनीचा आणि सर्व्हिस सेंटर किती लांब आहे याचा विचार शहरवाल्यांपेक्षा दुप्पट करावा.

पावसाळ्यात सेडानचे नाक खाली असते हे विसरू नये. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा पुन्हा सुरू करण्याचा मोह कित्येकांना महागात पडला. इंजिनात पाणी शिरलेले असताना चावी फिरवली की दट्ट्या आणि दांडे वाकतात. साधा विमा हे नुकसान सहसा देत नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते. पाण्यात गाडी थांबली तर बटणाला हात न लावता उतरावे आणि ओढून नेणारी गाडी बोलवावी.

आणि दसऱ्याची झेंडूची माळ! नव्या गाड्यांत पुढच्या जाळीत, बऱ्याचदा कंपनीच्या चिन्हाच्या मागेच, रडार बसवलेले असते. समोरच्या गाडीचे अंतर मोजून ते ब्रेक लावायला मदत करते. त्यावर जाडजूड हार घातला की यंत्रणा गोंधळते आणि समोर इशारा झळकतो. पूजा यथासांग करावी, नारळ वाढवावा, हार मात्र गाडी निघण्याआधी काढून घ्यावा.

जुनी घेताना, आपली विकताना

वापरलेली गाडी पाहताना रंगाच्या चकाकीपेक्षा सर्व्हिसिंगची छापील नोंद बोलकी असते. चासी क्रमांकावरून अधिकृत केंद्रात ती काढता येते. विम्याचे दावे किती झाले, तेही विचारावे. कर्जाचा बोजा नोंदवहीत असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. बंद झालेल्या मॉडेलचे सुटे भाग किती दिवसांत मिळतात, हे त्याच शहरातल्या दोन गॅरेजना विचारून घ्यावे.

दिल्लीची गाडी स्वस्त मिळते म्हणून धावणारे पुष्कळ आहेत. वर्षभराहून अधिक काळ ती महाराष्ट्रात ठेवायची तर इथे नव्याने नोंदणी करावी लागते, तिकडचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते आणि इथला रस्ताकर पुन्हा भरावा लागतो. तो जमेस धरून मगच स्वस्ताई ठरवावी.

आपली गाडी विकताना फॉर्म २९ आणि ३० वर सही करून मोकळे होऊ नये. राज्यातल्या राज्यात व्यवहार असेल तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत आरटीओला कळवायचे असते. नोंदवहीत नाव आपले राहिले आणि नव्या मालकाच्या हातून अपघात झाला, तर कोर्टाची नोटीस जुन्या पत्त्यावर येते. विम्यातला ‘नो क्लेम बोनस’ गाडीचा नसून मालकाचा असतो. पाच वर्षे दावा केला नसेल तर तो ५० टक्क्यांपर्यंत गेलेला असतो. गाडी विकताना विमा कंपनीकडून त्याचे पत्र मागून घ्यावे. ते तीन वर्षांपर्यंत नव्या गाडीच्या विम्याला लावता येते.